प्रौढ कुत्र्यासाठी नवे घर शोधताना

दोन महिन्यांच्या पिल्लाला घर मिळवून देणे अवघड नसते. लॅब्रेडॉरचे पिल्लू द्यायचे आहे, एवढे चार ओळखीच्यांच्या कानावर घातले की दिवसभरात विचारणा सुरू होते. तेच जनावर पाच-सहा वर्षांचे झाले की मात्र फोन वाजेनासे होतात. मालकाची परदेशी बदली होते, नव्या सोसायटीत कटकटी सुरू होतात, घरातील मुलाला कुत्र्याच्या केसांनी दम लागतो, किंवा त्याला रोज फिरायला नेणारे आजोबाच अंथरुणाला खिळतात. कारण कोणतेही असो, पुण्या-मुंबईच्या अनेक घरांत त्यावर एक ठरलेला तोडगा निघतो: ‘गावाकडे शेत आहे, तिथे सोडू. मोकळा राहील.’

हे शेत पुष्कळदा कर्जतसारख्या तालुक्यात असते. कर्जत म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे लोकलने गाठता येणारे, फार्महाउसांचे रायगड जिल्ह्यातील कर्जत येते. येथे अभिप्रेत आहे ते नगर जिल्ह्यातील, म्हणजेच २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत. सिद्धटेकच्या गणपतीचे, राशीनच्या देवीचे आणि मैलोगणती माळरानाचे. तेथून नोकरीधंद्यासाठी पुण्याला गेलेल्या कुटुंबांची शेती अजून मागे आहे, वस्तीवर घर आहे, राखणीला माणूस आहे. तेव्हा कुत्र्याची सोय तेथे व्हावी, हा विचार वरकरणी गैर वाटत नाही. प्रत्यक्षात मात्र ‘शेतावर सोडणे’ आणि ‘घर मिळवून देणे’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतील फरकाची किंमत कुत्र्याला मोजावी लागते.

माळरानावरचे वास्तव

कर्जतचा बराचसा भाग पर्जन्यछायेतला आहे. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शेती, गवताळ माळ, धनगरांची मेंढरे आणि जेथे कुकडीच्या कालव्याचे किंवा भीमेचे पाणी पोहोचले तेथे ऊस, असे तालुक्याचे साधारण चित्र. गावठाणाबाहेर शेताशेतांत विखुरलेल्या वस्त्यांवर एक-दोन कुत्री असतातच. ती तेथेच जन्मलेली असतात. दिवसा सावलीला पडून राहायचे, रात्री जागायचे, कोणता बांध आपला आणि कोणता परक्याचा, वाऱ्यावर कोणता वास आला की भुंकायचे आणि कोणता आला की मुकाट्याने घराच्या पडवीत शिरायचे, हे सगळे त्यांना आईमागून हिंडताना कळलेले असते. धनगराच्या वाड्यावरचे कुत्रे तर कामकरी जनावर. खंडोबाचे म्हणून त्याला मान असतो आणि मेंढरामागे चालण्याचे त्याला वळण असते.

अशा ठिकाणी सहा वर्षे तिसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, ठरल्या वेळी ताटलीत खाणे मिळवत वाढलेले कुत्रे मोटारीतून उतरते. पहिल्याच रात्री त्याची गाठ आजूबाजूच्या वस्तीवरील कुत्र्यांशी पडते. हद्दीच्या भांडणात नवखे जनावर बहुधा मार खाते, आणि जखमेत अळ्या पडल्या तरी ते तेथील माणसाच्या लगेच लक्षात येईलच असे नाही. कठडा नसलेल्या विहिरी, घोणस आणि नाग, उंदरांसाठी वा किडीसाठी ठेवलेली विषारी औषधे, पारा चाळिशीपार नेणारा उन्हाळा, या गोष्टी शहरी कुत्र्याच्या गावीही नसतात. दाट केसांच्या विदेशी जातींना तर तो उन्हाळाच सोसत नाही.

याहून मोठा धोका बिबट्याचा. नगर जिल्ह्यातीलच अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास करून तो नेमके काय खातो हे तपासले होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार बिबट्याच्या खाद्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. त्या भागात शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या कैक पटीने अधिक, तरीही त्यांचा वाटा कुत्र्यांपेक्षा कितीतरी कमी भरला. कारण उघड आहे. शेळी रात्री गोठ्यात कोंडली जाते, कुत्रे बाहेर असते. अकोले जिल्ह्याच्या वायव्येला आणि कर्जत दक्षिणेला, हे खरे. पण उसाबरोबर बिबट्याही पसरत गेला आहे. २०२० च्या अखेरीस आष्टी आणि करमाळा या कर्जतला लागून असलेल्या दोन तालुक्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली होती आणि डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घालावी लागली होती. रात्री अंगणात साखळीला बांधलेले कुत्रे म्हणजे बिबट्यापुढे वाढलेले ताटच.

नुकसान दुसऱ्या बाजूनेही होते, आणि त्याकडे कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. कर्जतजवळचे देऊळगाव रेहेकुरी हे काळविटांचे अभयारण्य १९८० मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. काळविटांना एवढी जागा कशी पुरणार? ती चरायला आसपासच्या शेतांत आणि माळांवर येतात. सांभाळणारे कोणी न उरलेले, उपाशी कुत्रे गावच्या टोळीला मिळाले की काळविटांची पाडसे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी ही त्यांची सोपी शिकार ठरते. माळावर लांडगेही आहेत. कुत्र्यांचे रेबीज आणि डिस्टेंपर यांसारखे रोग त्यांना लागतात. पुणे परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा २०२३ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेव्हा ‘मोकळा राहील’ या दोन शब्दांत माळरानावरच्या इतर कोणाकोणाचे आयुष्य गुंतलेले आहे, याचा विचार झालेला बरा.

याचा अर्थ वस्तीवरचे घर वाईटच, असा मुळीच नाही. कारवानी किंवा तत्सम शिकारी जातीचे, धावण्यासाठी जन्मलेले कुत्रे दोन खोल्यांच्या सदनिकेपेक्षा वस्तीवर अधिक सुखी राहील. प्रश्न जमिनीच्या एकरांचा नसून तेथे त्याला आपले म्हणणारे कोण आहे, याचा आहे. मालक पुण्यात, शेत कर्जतला आणि देखरेख सालगड्याकडे, अशी स्थिती असेल तर एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. सालगड्याचे साल पाडव्याला संपते. नवा गडी आला की कुत्र्याचा ‘मालक’ही बदलतो, आणि नव्या गड्याने ते जनावर मागून घेतलेले नसते.

विरारचे शेतघर

शेतावरचे दुसरे घर उत्तम कसे असू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या वेळी मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक व नाशक पथकातील मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर या चार कुत्र्यांनी स्फोटके हुडकण्याचे काम केले. सेवेतून निवृत्त झाल्यावर या चौघांना विरार येथील एका प्राणिप्रेमी महिलेच्या शेतघरात आसरा मिळाला. त्यांच्यापैकी कोणीही तेव्हा तरुण नव्हते. आयुष्यभर शिस्तीत, ठराविक माणसाच्या आज्ञेत आणि कामाच्या धबडग्यात राहिलेली ही जनावरे म्हातारपणी घरगुती झाली.

या व्यवस्थेतील एक गोष्ट विशेष लक्षणीय होती. चौघेही एकत्र राहिले. पथकातील सोबत सुटली नाही. २०१६ हे वर्ष मात्र त्यांच्यावर कठीण आले. एप्रिलमध्ये मॅक्स गेला, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर. एकटा उरलेला सीझर त्यानंतर खिन्न राहू लागला, खाण्यावरून त्याचे मन उडाले, अशा बातम्या त्या वेळी वृत्तपत्रांत आल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये तोही गेला. सीझरच्या शेवटच्या महिन्यांबद्दल कोणी भावुक होऊन लिहिले असेल, कोणी अधिक कोरडेपणाने. पण एकत्र वाढलेल्या दोन प्रौढ कुत्र्यांना नवे घर शोधताना ‘एक इकडे, एक तिकडे’ अशी वाटणी करण्यापूर्वी हे उदाहरण आठवावे.

विरारचे घर शेतघर होते, तरी ते घर होते ते तेथील माणसांमुळे. कुत्र्यांना नावाने ओळखणारे, त्यांचे दुखणे ध्यानात येणारे आणि गरज पडली की त्यांना परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयापर्यंत नेणारे कोणीतरी तेथे होते.

सरकारी सेवेतील सगळ्याच कुत्र्यांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. लष्करातील निकामी ठरलेल्या कुत्र्यांना मारून टाकले जाते, ही बाब २०१५ मध्ये माहितीच्या अधिकारातून पुढे आली आणि देशभर गदारोळ झाला. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि त्यानंतर हे धोरण बदलले. आता निवृत्त कुत्र्यांना मेरठच्या केंद्रात सांभाळण्याची आणि इच्छुकांनी ती दत्तक घेण्याची वाट खुली झाली आहे. पोलिसांकडील निवृत्त कुत्रा त्याच्या श्वानहस्तकानेच घरी नेण्याचे प्रसंगही घडतात. त्याहून योग्य घर दुसरे कोणते असणार?

आधी हे तपासावे

घर शोधण्याच्या आधी, कुत्रे देण्याची वेळ खरोखरच आली आहे का, हे पाहावे. सोसायटीचा आक्षेप हे सर्वाधिक सांगितले जाणारे कारण. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार गृहनिर्माण संस्थेला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताचा ठराव करूनही नाही. स्वच्छता राखणे आणि शेजाऱ्यांना उपद्रव न होऊ देणे ही जबाबदारी अर्थात मालकाची. कुत्रे अचानक चिडचिडे झाले असेल, घरात लघवी करू लागले असेल, तर आधी पशुवैद्यकाला दाखवावे. सांधेदुखी, दातदुखी, मूत्रपिंडाचा विकार अशा दुखण्यांतून स्वभाव बदलल्यासारखा वाटतो आणि औषधाने तो पूर्ववत होऊ शकतो. दोन-चार महिन्यांची अडचण असेल तर तेवढ्यापुरता सांभाळणारा माणूस शोधणे कायमच्या ताटातुटीपेक्षा बरे.

तरीही देणे अटळ असेल तर कुत्र्याचे वय ही लपवण्याची गोष्ट नाही. साधारणपणे वर्षभराचे, मोठ्या जातींत दीड-दोन वर्षांचे कुत्रे प्रौढ समजले जाते आणि सात-आठ वर्षांनंतर ते वयस्कर होऊ लागते. म्हणजे पाच वर्षांच्या कुत्र्याचे निम्मे आयुष्य बहुधा शिल्लक असते. पिल्लाचा स्वभाव पुढे कसा निघेल हे कोणी सांगू शकत नाही. प्रौढ कुत्र्याचे सगळे काही समोर असते. ते किती वाढणार, किती भुंकणार, मुलांशी कसे वागणार, हे ठाऊक झालेले असते. चपला आणि सोफ्याचे पाय चावण्याचे दिवस मागे पडलेले असतात, बाहेर नेल्यावरच विधी उरकण्याची सवय लागलेली असते. निवृत्त दांपत्याने हौसेने पिल्लू आणावे आणि त्याच्या मागे धावता धावता दमून जावे, यापेक्षा सहा वर्षांचे शांत कुत्रे त्यांना अधिक मानवते. आपल्याकडे हा विचार अजून फारसा रुजलेला नाही, ही गोष्ट वेगळी. पिल्लू ‘आपल्या हाताखाली वाढले’ की लळा लागतो, मोठे कुत्रे ‘जुन्या मालकाचेच राहते’, अशी समजूत घट्ट आहे. विरारच्या चौघांचे उदाहरण या समजुतीच्या नेमके विरुद्ध जाते.

खरे सांगणारा कागद

घर शोधण्याची सुरुवात जाहिरातीने न करता एका कागदाने करावी. त्यावर कुत्र्याचे वय, वजन, नसबंदी झाली आहे की नाही, रेबीजची आणि डिस्टेंपर-पार्व्होसह इतर रोगांची एकत्रित लस केव्हा दिली, जंताचे औषध केव्हा दिले, पूर्वीची आजारपणे कोणती, हे असावेच. ‘गोचीड ताप’ होऊन गेला असेल तर तो अवश्य लिहावा, कारण काही कुत्र्यांत तो पुन्हा डोके वर काढतो. पण त्याहून मोलाची माहिती रोजच्या जगण्याची असते. दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून ते पलंगाखाली शिरते का? मांजर दिसले की साखळी हिसडते का? खाताना जवळ गेलेले चालते का? एकटे किती तास राहते? लहान मुलांची सवय आहे की मुळीच नाही? दुचाकीमागे धावते का?

आणखी एक बाब सहसा सुटून जाते. कुत्र्याला शब्द कळतात ते त्याच्या घरच्या भाषेतले. ‘बस’, ‘नको’, ‘चल, खाली जायचं’ या बोलांवर वाढलेले कुत्रे इंग्रजी हुकूम देणाऱ्या किंवा तमिळ बोलणाऱ्या घरात गेले की काही दिवस बहिऱ्यासारखे वागते. ते हट्टी आहे, असा नव्या मंडळींचा समज होतो. त्याला कळणाऱ्या पंधरा-वीस शब्दांची यादी सोबत दिली तर ही अडचण चटकन दूर होते. नावही शक्यतो बदलू नये.

या कागदावर उणिवा आल्याच पाहिजेत. कुत्रे कोणाला चावले असेल तर कोणाला, कोणत्या प्रसंगी, किती, हे स्पष्ट सांगावे. ते दडवून दिलेले कुत्रे नव्या घरातील मुलाला चावले तर त्या मुलाचे नुकसान होतेच, शिवाय कुत्र्याची उरलीसुरली संधीही संपते. चावण्याची सवय असलेल्या कुत्र्याला घर मिळणे कठीण असते, हे मान्य करावे लागेल. अनुभवी, मुले नसलेले, जाणून घेतलेले घर हाच त्यावर उपाय. तो नसेल आणि उपचार व शिकवणूक यांनीही फरक पडत नसेल, तर पशुवैद्यकाच्या हातून वेदनारहित मरण देण्याचा विचार करावा लागतो. तो अप्रिय आहे. पण रात्री महामार्गावर दार उघडून कुत्र्याला उतरवून देणाऱ्याच्या विचारापेक्षा तो अधिक दयाळू आहे.

माणसाची पारख

पहिला शोध ओळखीत घ्यावा. आपण बाहेरगावी गेल्यावर कुत्र्याला सांभाळणारा शेजारी, सकाळी मैदानावर भेटणारी श्वानप्रेमी मंडळी, नेहमीचा पशुवैद्यक, त्याच्या दवाखान्यातील मदतनीस. पशुवैद्यकाला अलीकडेच कोणाचे कुत्रे गेले आणि कोणाच्या घरात पोकळी आहे, हे माहीत असते. नात्यागोत्यात द्यायचे असेल तरी भिडेखातर ‘हो’ म्हणणाऱ्याला देऊ नये. प्राणिकल्याण संस्थांची मदत होते, ती मुख्यतः इच्छुकांशी गाठ घालून देण्यात. त्यांच्या निवाऱ्यांत अपघातात जायबंदी झालेली आणि आजारी जनावरे असतात. धडधाकट घरगुती कुत्रे तेथे नेऊन सोडले तर त्या गलक्यात ते खचते आणि एखाद्या जखमी जनावराची जागाही अडते.

‘जातिवंत कुत्रा मोफत देणे आहे’ अशी जाहिरात मात्र टाळलेली बरी. फुकट मिळते म्हणून नेणाऱ्यांत विकणारेही असतात. विशेषतः नसबंदी न झालेली जातिवंत मादी पिल्लांच्या धंद्यात अडकण्याची भीती मोठी. व्यवसाय म्हणून कुत्र्यांची पैदास करणाऱ्याने राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, असे २०१७ चे केंद्र सरकारचे नियम सांगतात. पण एकदा कुत्री हातातून गेली की ती कोठल्या खोलीत डांबली आहे हे पाहायला कोण जाणार? नसबंदी करूनच मादी द्यावी, हा यावरील सरळ उपाय. नसबंदीनंतर धंदेवाईकाला तिच्यात स्वारस्य उरत नाही आणि खरा इच्छुक त्यामुळे मागे हटत नाही.

घर प्रत्यक्ष पाहिल्याविना कुत्रे देऊ नये. बोलताना घरातील सगळ्यांना समोर बसवावे. कुत्र्याचे खरे काम ज्या व्यक्तीवर पडणार असते ती बहुतेक वेळा गप्प बसलेली असते. तिचा चेहरा पाहावा. भाड्याचे घर असेल तर घरमालकाची संमती विचारावी. फाटक नीट लागते का, गच्चीचा कठडा किती उंच आहे, कुत्रे कोठे झोपणार, आधीचे कुत्रे होते तर ते कशाने गेले, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही.

वस्तीवर द्यायचे असेल तर प्रश्न थोडे वेगळे. रात्री कुत्रे आत घेणार की बाहेर ठेवणार? बंद दाराचा आडोसा आहे का? विहिरीला कठडा आहे का? वस्तीवरील आधीच्या कुत्र्यांना रेबीजची लस दिली आहे का? मालक शहरात असताना भाकरी कोण घालणार, आणि ती व्यक्ती पुढच्या पाडव्यानंतरही तेथे असेल का? तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो, पण तेथील कामाचा भर गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांवर असतो. मधुमेह, हृदयविकार, अपस्मार असलेले कुत्रे अशा जागी देणे म्हणजे त्याचे औषध तोडणे होय. पाच वर्षांचे निरोगी, धावायला आवडणारे आणि माणसांत रमणारे कुत्रे मात्र वस्तीवर नांदत्या कुटुंबात, जेथे आजी दिवसभर घरी असते आणि मुले संध्याकाळी शाळेतून परततात, तेथे छान रुळते.

सोपवताना

पसंती झाली तरी कायमचे देण्याआधी दोन ते चार आठवड्यांची मुदत ठेवावी आणि ती कागदावर लिहावी. कुत्रे कोणी कोणाला दिले, तारीख, लसीकरणाची स्थिती, आणि ‘नकोसे झाल्यास तिसऱ्या कोणाला न देता परत करावे’ हे कलम, एवढे लिहून दोघांनी सह्या केल्या तरी पुरते. हा कागद न्यायालयात किती टिकेल यापेक्षा सही करताना माणूस किती गंभीर होतो, याला महत्त्व आहे.

प्रवास उन्हाळ्यात असेल तर पहाटे करावा, निघण्यापूर्वी काही तास पोटभर खायला घालू नये आणि वाटेत पाणी द्यावे. रेल्वेने न्यायचे तर वातानुकूलित प्रथम श्रेणीत स्वतंत्र कूपे आरक्षित करून सोबत नेता येते. अन्यथा गार्डच्या डब्यातील पेटीचा पर्याय उरतो, जो घाबरट कुत्र्याला मानवणारा नाही. सोबत त्याची जुनी चादर न धुता द्यावी, कारण तिला घरचा वास असतो. आठ-दहा दिवस पुरेल इतके नेहमीचे खाणे द्यावे आणि नवे अन्न त्यात थोडे थोडे मिसळत जावे. एकदम बदल केला की जुलाब होतात आणि नवे घर पहिल्याच आठवड्यात वैतागते.

नव्या घरात कुत्रे पहिले दोन-तीन दिवस भांबावलेले असते. काही खात नाहीत, काही दारापाशीच बसून राहतात. दोन-तीन आठवड्यांत घरचा दिनक्रम त्याच्या अंगवळणी पडतो, आणि हे आपलेच घर आहे हे मनाशी बसायला तीनेक महिने लागतात, असा जाणकारांचा साधारण ठोकताळा आहे. या पहिल्या काळातच ते पळून जाण्याचा धोका सर्वांत अधिक. जुन्या घराच्या ओढीने निघालेली कुत्री रस्त्यावरच्या वाहनांखाली सापडतात. म्हणून निदान महिनाभर त्याला साखळीविना बाहेर सोडू नये, पट्ट्यावर नव्या मालकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. घरात दुसरे कुत्रे असेल तर दोघांची पहिली भेट घराबाहेर, तटस्थ जागी, साखळी हातात धरून घडवावी आणि जेवणाची भांडी बराच काळ वेगळी ठेवावीत. जुन्या मालकाने सुरुवातीचे काही आठवडे भेटायला जाऊ नये. फोनवर चौकशी मात्र जरूर करावी.

मालकाच्या मृत्यूनंतर मागे राहिलेल्या कुत्र्यांचा प्रश्न शहरांत वाढतो आहे. मुले परदेशी, घरात एकटे वृद्ध आणि त्यांचे कुत्रे, अशी घरे पुण्यात गल्लोगल्ली आहेत. अशा ज्येष्ठांनी आपल्यामागे कुत्र्याला कोण नेणार हे हयातीतच ठरवून, त्या व्यक्तीला विचारून, लिहून ठेवावे. मृत्युपत्र करताना दागिन्यांची वाटणी होते, कुत्र्याचा उल्लेखही नसतो. मग तेराव्याच्या गडबडीत ते कोणाच्या तरी शेतावर रवाना होते.

कायदा काय म्हणतो

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या ११ व्या कलमानुसार उपासमार वा तहान यांमुळे वेदना होतील अशा स्थितीत जनावराला वाजवी कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे. त्यासाठी पहिल्या वेळी दंड किती? दहा ते पन्नास रुपये. आज एवढ्या पैशांत कुत्र्याच्या गळ्यातला पट्टाही मिळत नाही. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केल्यास दंड शंभर रुपयांपर्यंत जातो किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याचा धाक वाटावा असे यात फारसे काही नाही. तरी गुन्हा तो गुन्हाच, आणि ‘शेतावर सोडले’ या वाक्याआडही तो घडू शकतो.

भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात रस्त्यावरील कुत्री दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. त्याचबरोबर दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली. हा आदेश भटक्या कुत्र्यांबाबतचा आहे. पण वर्षानुवर्षे पाळलेल्या कुत्र्याच्या मालकाकडून त्याहून कमी अपेक्षा ठेवण्याचे कारण दिसत नाही.

कुत्रे नव्या घरी स्थिरावल्यावर कागदपत्रांचे काम उरते. महापालिकेचा परवाना असेल तर जुन्या नावावरचा रद्द करून नव्या मालकाने आपल्या पालिकेत नवा काढावा. केनेल क्लबची नोंदणी असेल तर मालकीबदलाचा अर्ज करावा. त्वचेखाली मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्या नोंदीतील पत्ता व दूरध्वनी बदलून घ्यावा, अन्यथा हरवलेले कुत्रे सापडले तरी फोन जुन्याच घरी जातो. लसीकरणाची मूळ पुस्तिका नव्या मालकाला द्यावी आणि रेबीजच्या पुढच्या लसीची तारीख तिच्यावर ठळक लिहावी.